आईला ऐकू आलं नाही

दिवाळीच्या पाडव्याची जेवणं उरकली होती आणि सगळे बाहेरच्या खोलीत लवंडले होते. अंबाजोगाईत त्या दिवसांत दुपारचं ऊन अजून चटकतं, पण फरशी पाठीला गार लागायला लागलेली असते. मधोमध चिवड्याचा डबा, त्यात जो तो हात घालून शेंगदाणे वेचतोय, आणि नांदेडला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा मोबाईल घेऊन प्रत्येकाला काहीतरी ऐकवत फिरतोय. लेकरांच्या अमेरिकन कार्यक्रमातला निळा केसाळ बाहुला, ग्रोव्हर. ‘सेसमी स्ट्रीट’मधला. आपल्याकडे 2006 साली ‘गली गली सिम सिम’ आलं ते त्याच घराण्यातलं, म्हणून नाव कानावरून गेलेलं. काही सेकंदांचा तुकडा होता. बाहुला कॅमेरा हलवायला सांगतो आणि म्हणतो, ‘येस, येस, दॅट साउंड्स लाइक ॲन एक्सलन्ट आयडिया.’ मी ऐकलं आणि म्हणलं, बरं मग? ‘मामा, आता परत ऐका. एक्सलन्टच्या आधी शिवी देतो तो.’ कोणती, ते त्यानं माझ्या कानात सांगितलं आणि तुकडा परत लावला. या वेळी शिवी ठणठणीत ऐकू आली. इंग्रजी सिनेमांमुळं आता खेड्यातल्या पोरालाही माहीत असलेली, ‘फ’पासून सुरू होणारी. मघाशी ऐकलेलं साधं वाक्य कुठं गेलं, ते काही केल्या सापडेना.

खोलीत हसण्याचा कल्लोळ झाला. एकेक जण येऊन ऐकत होता, आधी भुवया जवळ आणत होता आणि मग तोंडावर हात ठेवत होता. ताई म्हणाली, ‘लेकरांच्या कार्यक्रमात?’ मेव्हणे म्हणाले, ‘काही नाही, कुणीतरी मुद्दाम घातलंय मागून.’ शेवटी भाचा आईसमोर जाऊन बसला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा निवृत्ती जवळ आलेली असताना तिनं प्रशिक्षण घेतलं आणि गावातल्या पोरांना इंग्रजी गाणी शिकवली. तिनं कानामागं हात धरून, डोळे बारीक करून सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘कॅमेरा हलवा म्हणला. कल्पना लई चांगली आहे म्हणला. एवढंच तर आहे.’ भाच्यानं परत लावलं, ‘आज्जी, मधलं ऐक ना, मधलं.’ आई म्हणाली, ‘ऐकलं की बाबा. मला नाही ऐकू आलं दुसरं काही.’ आणि चिवड्याचा डबा उचलून, झाकण लावत, आत गेली.

सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र ते लागून राहिलं. कारण आई म्हणाली तेच खरं वाक्य होतं. बाहुला तेवढंच म्हणतो. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, कानानं धड असलेले लोक नसलेली शिवी ऐकून हसत होतो, आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या कानांनी जे होतं ते नेमकं ऐकलं होतं. ते कानाचं काम होतं, की दुसऱ्याच कशाचं?

हा तुकडा पहिल्यांदा गाजला तो 2018 सरता सरता. त्याच वर्षी मे महिन्यात ‘यॅनी की लॉरेल’ या वादानं जगभरच्या घरांत दोन तट पाडले होते. एकच आवाज, कुणाला ‘लॉरेल’ ऐकू येतं, कुणाला ‘यॅनी’. मूळ ध्वनिमुद्रण ‘लॉरेल’चंच होतं, शब्दकोशाच्या संकेतस्थळावर उच्चार ऐकवण्यासाठी केलेलं. त्यातल्या वरच्या पट्टीतल्या लहरी ज्यांच्या कानाला जास्त लागतात त्यांना ‘यॅनी’, खालच्या पट्टीतल्या ज्यांना लागतात त्यांना ‘लॉरेल’. वय वाढलं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना बहुधा ‘लॉरेल’च ऐकू यायचं. म्हणजे तिथंही थकलेले कान खऱ्याच्या जवळ होते. ग्रोव्हरचं प्रकरण मात्र निव्वळ लहरींचं नाही. त्याचा आवाज घोगरा, बोलणं घाईचं. ‘साउंड्स’च्या शेवटचा ‘स’ वाऱ्यासारखा निसटतो, ‘लाइक’मधला ‘क’ पुढच्या ‘ॲन’ला जाऊन चिकटतो. कच्चा माल तिथं पडलेला असतो. त्यातून कोणतं वाक्य घडवायचं हे आपल्या डोक्यात आधी कुणी काय घातलंय त्यावर ठरतं. भाच्यानं सांगेपर्यंत माझा कान निर्मळ होता. त्यानं सांगितलं आणि तो क्षण गेला.

म्हणून एक शक्यता अशी की आईला खरंच ऐकू आलं नाही. भाच्यानं तिच्या कानात शिवी सांगितलीच नव्हती. सांगणार कशी, आज्जी ती. त्यानं फक्त ‘मधलं ऐक’ म्हणलं. पण खोलीत एवढं हसू चाललेलं, ताईच्या तोंडून ‘लेकरांच्या कार्यक्रमात?’ गेलेलं. आईला अंदाज आलाच नसेल असं मानायला मन तयार होईना. आणि दुसरं म्हणजे, आईचं हे ‘ऐकू न येणं’ मी लहानपणापासून ओळखतो.

आमच्याकडं टीव्ही आला तेव्हा तो बाहेरच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात बसवला होता, लाकडी सरकत्या दारांच्या मागं. समोर अण्णांची खुर्ची, खाली सतरंजीवर आम्ही आणि शेजारची लेकरं, उंबऱ्याजवळ आई आणि आत्या, अर्ध्या स्वयंपाकघरात, अर्ध्या बाहेर. रविवारचा सिनेमा रंगात आला की एखादा खलनायक दात-ओठ खात पुढं यायचा, आणि तो तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा खाकरायचे. खोल, छातीतून आलेलं खाकरणं. त्याच वेळी आईला दूध उतू जाईल असं वाटायचं. ती उठायची, आत जायची, भांड्याचा आवाज व्हायचा, आणि ती परत येईपर्यंत पडद्यावर काहीतरी दुसरं सुरू झालेलं असायचं. ‘काय झालं गं मधी?’ ती आत्याला विचारायची. आत्या म्हणायची, ‘काही नाही, हाणामारी.’

पुढं कधीतरी रिचर्ड वॉरेन या मानसशास्त्रज्ञाचा 1970 सालचा प्रयोग वाचनात आला आणि मला ती खोली जशीच्या तशी आठवली. वॉरेननं एका वाक्याच्या ध्वनिमुद्रणातला ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला एक ‘स’ कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला कुठं आला होता हेही त्यांना धड सांगता येईना. गाळलेलं अक्षर मेंदूनं स्वतःच भरून घेतलं होतं, आणि भरल्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. कापलेली जागा नुसती रिकामी ठेवली तर कान लगेच ओळखतात की इथं काहीतरी गेलंय. तिथं आवाज टाकला की फसतात. अण्णांचं खाकरणं हे असंच होतं. त्यांच्या खाकरण्याखाली जे काही गेलं ते आम्हा भावंडांना अख्खं ऐकू यायचं. कधी कधी तर तिथं शिवी नसावीच, एखादा साधा ‘कमीने’ असावा, पण अण्णा खाकरले म्हणजे मोठंच काहीतरी असणार असं धरून आम्ही आपापल्या ऐपतीप्रमाणं जागा भरायचो. आज टीव्हीवर ‘बीप’ वाजतो तेव्हा नेमकं तेच होतं. चार वर्षांचं लेकरूही त्या आवाजाखालचं ओळखतं.

मग अण्णा खाकरायचे कशाला? ते काही भोळे नव्हते. आम्हाला कळतंय हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे आम्हाला. त्या खाकरण्याचा अर्थ ‘तुम्ही हे ऐकू नका’ असा नव्हताच. ‘मी तुमच्यासोबत बसून हे ऐकणार नाही’ असा होता. ते स्वतःला बाजूला काढून घेत होते, आमच्या कानांवर हात ठेवत नव्हते. आणि आई उठून दुधाकडं जायची तेव्हा तीही तेच करत होती. आमच्या लहानपणाला त्यांनी दिलेला तो मान होता असं मला आता वाटतं.

आता दुसरी आठवण, जी मला जरा अवघड जाते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी लहानपणी काकांसोबत गेलो होतो. मार्गशीर्षातली थंडी, घोडे, गाढवं, उंट, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, तमाशाच्या फडांचे कर्णे एकमेकांवर कुरघोडी करतायत. आणि तंबूतला टुरिंग टॉकीज. मधे दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. पडद्यावर दादा कोंडके. ज्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला म्हणून गिनेस बुकात नोंद झाली, ते. त्यांच्या संवादात शिवी शोधायला गेलं तर सापडत नाही. सेन्सॉरला बोट ठेवायला अक्षर मिळत नाही. शब्द सगळे घरातले, शेतातले, सोवळ्यातलेसुद्धा. जे काही आहे ते ऐकणाऱ्यानं घरून आणायचं. तंबू हसून फाटायचा बाकी होता. काका मांडीवर थापा मारत हसत होते, आणि ते हसतायत म्हणून मी पोट धरधरून हसत होतो. मला काहीही कळलेलं नव्हतं. माझ्या लेखी तो एक ढगळी चड्डी घातलेला, सारखा गोंधळ घालणारा भला माणूस होता आणि मला तो फार आवडला होता.

कॉलेजला असताना औरंगाबादच्या वसतिगृहात कुणीतरी तोच सिनेमा लावला. मी पुढं सरसावून बसलो, माझ्या लहानपणीचा माणूस भेटणार म्हणून. आणि पहिल्या काही मिनिटांत माझ्या कानशिलांवर ऊन चढलं. एकेक संवाद आता दोनदा ऐकू येत होता. पोरं हसत होती, मीही हसलो, कारण ते होतंच तसं जबरदस्त. पण आत काहीतरी हललं होतं. माळेगावच्या तंबूत मी कशाला हसलो होतो? काकांच्या हसण्यात मी सामील होतो, की त्यांच्या मांडीला मांडी लावून एकटाच बसलो होतो? रागही आला, आणि तो कुणावर करायचा ते ठरेना. त्यानंतर एक गोष्ट आठवली आणि मी गार पडलो. दोरीच्या पलीकडं आत्या होती, आई होती. त्या बायाही हसत होत्या. पदर तोंडाशी, मान खाली, खांदे हलतायत. मी तेव्हा त्यांच्याकडं बघून हातही हलवला होता. म्हणजे आईला सगळं ऐकू आलं होतं. रात्री बैलगाड्यांच्या कंदिलांच्या उजेडात भाकरी सोडली तेव्हा त्या सिनेमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, एवढंच.

म्हणून जगभरचे लोक आपल्या लहानपणीच्या आवडत्या कार्यक्रमात लपलेली शिवी सापडल्यावर जे वागतात ते मला पोरकट वाटत नाही. कुणी आनंदानं वेडा होतो. ग्रोव्हरच्या आत एका माणसाचा हात असतो, आधी फ्रँक ऑझ यांचा होता, पुढं एरिक जेकबसन यांचा. दिवसभर चित्रीकरण करून तो हात दुखत असेल, आणि त्या दुखण्यात बाहुल्याच्या तोंडून एक शिवी निसटली असेल, या नुसत्या कल्पनेनं तो बाहुला मोठ्या झालेल्या माणसाला अचानक जवळचा वाटायला लागतो. आपल्याला अक्षरं शिकवणाराही वैतागायचा, आपल्यासारखाच. कुणाला मात्र तेच ऐकून वाईट वाटतं. वसतिगृहात मला वाटलं होतं तसं. आपण तिथं निर्धास्त बसलो होतो आणि आपल्या डोक्यावरून मोठ्यांचं काहीतरी चाललं होतं. आणि काहीजण ठाम नकार देतात. ग्रोव्हर असं बोलणारच नाही, तुमचे कान खराब आहेत, म्हणतात. वीस वेळा लावा, म्हणतात, आम्हाला ‘एक्सलन्ट आयडिया’च ऐकू येतं. पूर्वी मला असे लोक हट्टी वाटायचे. आता सगळ्यात जास्त जीव त्यांनीच लावलाय असं वाटतं.

शिवी शोधणाऱ्यांतला चौथा प्रकारही आहे, आणि त्याच्याशी माझं जमत नाही. 1963 साली किंग्जमेन नावाच्या अमेरिकन पोरांच्या बँडनं ‘लुई लुई’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणाऱ्याचे शब्द इतके पुसट की त्यात अश्लील काहीतरी आहे अशी आवई उठली. पालकांची तक्रार थेट अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींपर्यंत गेली आणि एफबीआयनं ती तबकडी वेगवेगळ्या वेगांवर फिरवून तपासली. दोन वर्षांहून जास्त काळ चौकशी चालली आणि निष्कर्ष निघाला की कोणत्याही वेगावर शब्द समजत नाहीत. गंमत म्हणजे त्याच गाण्यात पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत ड्रम वाजवणाऱ्याच्या तोंडून खरोखरची शिवी निसटलेली मागं ऐकू येते. ती तपासणाऱ्यांच्या कानात शिरली नाही. ते नसलेली शोधत होते. 1992 सालच्या डिस्नेच्या ‘अलादीन’मधल्या एका पुटपुटण्यावरूनही पुढं असंच वादळ उठलं होतं. आपल्याकडं 2015 साली सेन्सॉर बोर्डानं सिनेमात नको असलेल्या शब्दांची यादीच काढली होती आणि ओरड झाल्यावर ती बाजूला ठेवावी लागली. या सगळ्यांना लेकरांची काळजी असेलही. पण संशयानं लावलेला कान आणि प्रेमानं लावलेला कान यांना एकच तुकडा वेगळा ऐकू येतो हे मी त्या दिवाळीत डोळ्यांनी बघितलंय.

आणि मुळात शिवी लपवून ठेवायची वेळ आपल्या मुलखावर अलीकडं आली. केज तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबा औत हाकताना बैलांशी जे बोलायचे ते इथं लिहिता येणार नाही. सकाळपासून दुपारपर्यंत तेच, एका लयीत, रागाचा लवलेश नसलेलं. तांबसावर त्यांचा जास्त जीव, म्हणून त्याला शिव्याही जास्त. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, तुपा-हळदीनं खांदे चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून झालं, की दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यांच्या तोंडून एकही शिवी निघायची नाही. त्या एका दिवशी आजोबा मुके झाल्यासारखे वाटायचे. आज्जीचं तर बोलणंच ‘मुडद्या’नं सुरू व्हायचं. ‘मुडदा बशिवला तुझा, जेवला का न्हाई?’ हे वाक्य मी ज्या मायेनं ऐकलंय त्या मायेनं मला पुढं कुणी जेवायला बोलावलं नाही.

शिमग्याला तर सगळं गावच मोकळं व्हायचं. होळीभोवती बोंब ठोकताना पोरं नावं घेऊन ओरडायची, ज्यांची नावं घेतली ती माणसं तिथंच उभी असायची आणि हसायची. धुळवडीला केजजवळच्या विडा गावात आजही जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून वाजतगाजत फिरवतात आणि शेवटी कपड्यांचा आहेर करतात. जावई आदल्या दिवशी लपून बसतात आणि गावकरी त्यांना शोधून आणतात. मला नेहमी वाटतं की या काळाचा पंचांगातला क्रम कुणीतरी मन लावून बसवलेला असावा. पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी धुळवड, वद्य पंचमीला रंगपंचमी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पैठणला नाथषष्ठी. पाच दिवस सगळ्या गावाचं तोंड सुटलेलं आणि सहाव्या दिवशी दिंड्या गोदावरीच्या वाळवंटात.

आणि त्या नाथांनी तरी काय लिहिलंय! भवानीआईला रोडगा वाहीन म्हणून नवस बोलणारी ती सून. सासरा गावाला गेलाय तिकडंच खपू दे, सासूला लवकर निर्दाळ, जावेला बोडकी कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, असं मागत मागत ती नवऱ्यापर्यंत येते. हे भारूड मी सप्त्याच्या मांडवात पाहिलंय. लुगडं नेसलेला, मिशा तशाच ठेवलेला भारुडी थेट पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपुढं जाऊन, एकीच्या डोळ्यात डोळे घालून ‘सासू माझी जाच करिते’ म्हणायचा. ती खरी सासू, तिच्या शेजारी तिची खरी सून. मांडव हसायचा. सासू भारुड्याच्या पाठीत धपाटा घालायची. सून मान खाली घालून हसायची, आणि घरी जाऊन जे बोलता आलं नसतं ते तिथं टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्यांसमोर बोलून झालेलं असायचं. कुणी खाकरायचं नाही, कुणी दुधाकडं पळायचं नाही. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं घर एका जाजमावर बसलेलं, आणि शिवीशाप भर मांडवात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात.

शिव्यांना तेव्हा जागा होती, दिवस होता, द्यायचा हक्क असलेलं माणूस होतं. टीव्ही आला आणि रोजचे सगळे दिवस एका खोलीत आले. सासू, सून, सासरा, लेकरं रोज रात्री एकाच पडद्यासमोर. तिथं शिवीला ठेवायचं कुठं? मग ती बीपखाली गेली, दुहेरी अर्थाखाली गेली, अण्णांच्या खाकरण्याखाली गेली. आणि आता मोबाईलनं ती खोलीच मोडली. ज्यानं त्यानं आपापल्या कानात बोंडं घालायची आणि आपापलं बघायचं. माझा भाचा ज्या वेब सिरीज बघतो त्यात श्वास घेतल्यासारख्या शिव्या असतात. त्याला त्याचं काही वाटत नाही, त्या तो कुणाला ऐकवायलाही येत नाही. मग एका निळ्या बाहुल्याच्या, नसलेल्या एका शिवीसाठी तो एवढा उड्या का मारत होता?

मला वाटतं, त्याला ती शिवी घरात सापडली म्हणून. एकट्याच्या कानात शिवीची काही मजा नाही. तिला आज्जी लागते. कुणीतरी ‘चूप रे’ म्हणणारं लागतं, तोंडावर पदर घेणारं लागतं. तो ताईकडं आला, मेव्हण्यांकडं आला, माझ्याकडं आला, आणि शेवटी जिच्यासाठी एवढं सगळं होतं तिच्यासमोर जाऊन बसला. कानातली बोंडं काढून, आवाज पूर्ण मोठा करून. त्याच्या पिढीला न मिळालेली ती बाहेरची खोली तो दोन मिनिटांसाठी उभी करत होता. आणि आईनंही तिची जागा सोडली नाही. तिला ऐकू आलं नाही. कानांना आलं नसेल, किंवा आलं असेल. मला आता ते ठरवावंसं वाटत नाही. तिला विचारावं असंही वाटलं होतं, पण विचारलं नाही. विचारलं तर ती हसून ‘हो, आलं की’ म्हणेल, आणि मग तिला पुन्हा कधी दूध बघायला उठता येणार नाही.

परवा भाच्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हणलं, फाल्गुनात सुट्टी काढ, आपण नाथषष्ठीला पैठणला जाऊ, भारूड ऐकू. त्यानं विचारलं, ‘मामा, त्यात खरंच शिव्या असतात?’ म्हणलं, शाप असतात, शिव्याही असतात, आणि सगळ्यांना ऐकू येतात. शोधाव्या लागत नाहीत. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘मग त्यात मजा काय?’ त्याचंही बरोबर आहे. माळेगावच्या तंबूत अख्खी जत्रा ज्यासाठी हसत होती ते शोधून काढण्याचंच सुख होतं, आणि नाथांच्या मांडवात ते नाही. तिथं दुसरं काहीतरी आहे, आणि ते मला फोनवर सांगता येईना. ‘आधी चल तर,’ मी म्हणलं. ‘आज्जीलाही घेऊ.’ ‘आज्जी येईल?’ त्यानं विचारलं. ती तर माझ्या आधीपासून जातीये.